तार तिकडून येते, मीपण तिकडूनच आलो

परवा रात्री दीडला लाईट गेली. डोंबिवलीत मे महिना, म्हणजे काय सांगायचं, उशीसुद्धा घामानं ओली. बायको गॅलरीत जाऊन बघून आली, म्हणे आपलीच बिल्डिंग नाही, अख्खा एरिया गेलाय, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर जे काही सुरू झालं ते वाचत बसलो. एकानं लिहिलं, "बिल वेळेवर भरतो ना आपण, मग?" त्यावर धडाधड अंगठे. मीपण दाबणार होतो, पण तेवढ्यात लाईट आली, एसी टूं करून सुरू झाला आणि ग्रुप झोपला. माझी झोप मात्र उडाली ती उडालीच.

मी मूळचा चंद्रपूरचा. इकडे हे सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, वाघ बघितलास का आणि उन्हाळ्यात कसं राहता रे तुम्ही. वाघ बघितलाय, पण ताडोब्यात जिप्सी करून नाही, दुर्गापूरकडच्या रस्त्यावर संध्याकाळी स्कूटरवरून, आणि तेव्हा फोटो वगैरे काही सुचत नाही. खाणीतली वरची माती काढून टाकतात ना, त्याला ओबी म्हणतात, त्या ओबीचे डोंगर झालेत आमच्याकडे, पन्नास वर्षांपूर्वी तिथे सपाट होतं म्हणे, आता त्यावर वेडी बाभूळ माजलीय आणि वाघ-बिबट्यांना ती मस्त मानवते. जंगल कुठं संपतं आणि खाण कुठं सुरू होते हे वाघाला कोण सांगणार.

असो. मला सांगायचं होतं ते विजेच्या तारेचं. मला कॉलेजात असताना पहिल्यांदा कळलं की चंद्रपूरहून एक लाईन थेट पडघ्याला येते, ७५२ किलोमीटर, १९९९ पासून. पडघा म्हणजे आपलं नाशिक हायवेवरचं, कल्याणच्या पलीकडचं. ही साधी लाईन नाही, डीसी आहे, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. घरात येते ती एसी, सारखी दिशा बदलणारी (थंड हवेचा एसी नव्हे). तिकडच्या टोकाला त्या एसीची डीसी करतात आणि पडघ्यात पुन्हा एसी. लांबच्या पल्ल्याला त्यात वीज कमी वाया जाते. पण त्याचा एक अर्थ असा की मधे कुठं थांबा नाही. एसी लाईनवर सबस्टेशन टाकून वीज उतरवून घेता येते, इथे तसं नाही, त्यामुळे ज्या ज्या गावाच्या शेतावरून ती जाते तिथल्या कुणाच्या घरी त्या तारेतून थेट एक बल्बपण पेटत नाही. पंधराशे मेगावॅटची नॉनस्टॉप गाडी. त्याच काळात, म्हणजे २००५ नंतरची जी भयंकर लोडशेडिंगची वर्षं होती, माझ्या मामाकडे मूल तालुक्यात दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसायची. मामा अंगणात बाजेवर पडून म्हणायचा, "वीज आपल्या जिल्ह्यात बनते अन् आपण कंदील पुसून राहिलो बे."

त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर हिशोब केला. कोळशावर एक युनिट वीज बनवायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखच ३०-४० टक्के. आमचा दीड टनाचा एसी रात्रभरात सात-आठ युनिट खातो. म्हणजे मी झोपून उठेपर्यंत पाच किलो कोळसा जळाला आणि दीड-दोन किलो राख झाली. आता ग्रिडमध्ये सगळी वीज मिसळते, माझ्या एसीत येणारी कोयनेची का चंद्रपूरची का कुठल्या पवनचक्कीची हे कोणी सांगू शकत नाही, माहितीय मला. तरी बायकोला उठवून सांगितलं की आपण रोज रात्री दोन किलो राख करतो. ती म्हणाली, "सकाळी कर ना काय करायची ती."

राखेवरून आठवलं. आई लहानपणी दोरीवरचे कपडे काढताना प्रत्येक कपडा झटकायची, पांढऱ्या शर्टावर बारीक काळे ठिपके. कुठून येतात म्हणून विचारलं की प्रत्येक जण आपापलं बोट दाखवायचा, कोणी चिमणीकडे, कोणी कोळशाच्या ट्रककडे, कोणी खाणीकडे. आणि आमच्याच मागच्या अंगणात सिगडी धगधगत असायची! सायकलवर पोती लादून कोळसा विकणारे यायचे, अर्धा मोहल्ला त्याच्यावर पाणी तापवायचा. सकाळी सहाला बाहेर आलं की धुराचा एक थर कमरेइतक्या उंचीवर तरंगत असायचा, थंडीत तर हललाच नाही पाहिजे असा. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची देशातल्या सगळ्यात प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी आली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. आमचा एक मित्र म्हणाला, चला कशात तरी नंबर आला.

पण ह्याच्यात मी फक्त रडगाणं गाणार नाही कारण ते खोटं होईल. माझे बाबा फिटर, आयुष्यभर ठेकेदाराकडे कोळशाच्याच कामावर, माझी इंजिनीअरिंगची फी त्यातूनच निघाली. वर्गात बाकावर माझ्या शेजारी घरी तेलुगू बोलणारा, मागे बिहारचा, पुढे एक बंगाली, सगळे कोळशामुळे आलेले, आणि दोन वर्षांत सगळे आमच्यासारखंच "काय करून राहिला बे" बोलायला लागायचे. दुसरीकडे खाणीत जमीन गेलेली घरं. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकराला एक नोकरी. ऐकायला बरं वाटतं, पण घरात भाऊ तीन, जमीन दोन एकर. नोकरी कोणाची? आमच्या ओळखीच्या एका घरात धाकट्याला मिळाली, त्याचं लगेच लग्न ठरलं, पक्कं घर झालं, आणि थोरला त्याच गावात पंक्चरचं दुकान टाकून बसला. दोघं एकमेकांच्या दारासमोरून जातात पण बोलत नाहीत. जमीन होती तेव्हाही भांडायचे, पण पेरणीला तरी एकत्र यायचे.

आणि पाणी. थर्मलला, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राला, कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते हे बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. ते इरई धरणातून येतं, आणि शहराच्या नळालापण तिथूनच. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटलं आणि वीज केंद्राचे संच बंद ठेवायची वेळ आली. कोळशाच्या राशी पडलेल्या, पण वाफ कशाची करणार. त्या वर्षी पहिल्यांदा इकडच्या चॅनेलवर इरईचं नाव ऐकलं, निवेदिका "इराई" म्हणत होती.

इथे ठाकुर्लीलासुद्धा कधीकाळी रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस होतं, कोळशावर चालणारं, लोकल त्याच्या विजेवर पळायच्या. ते कधीच बंद पडलं. जुने डोंबिवलीकर अजून त्याच्या भोंग्याबद्दल बोलतात. लोकल काही थांबल्या नाहीत, उलट वाढल्या.

मागच्या वर्षी पहिला मोठा बोनस मिळाला तेव्हा मी हट्टानं आईबाबांच्या खोलीत एसी बसवून दिला. सत्तेचाळीस डिग्री म्हणजे आमच्याकडे बातमीसुद्धा होत नाही, म्हटलं ह्या वयात तरी नीट झोपतील. परवाच्या त्या रात्रीनंतर सकाळी आईला फोन केला, पलीकडून बादलीचा आवाज येत होता.

"काय करून राहिली?"

"कूलरमध्ये पाणी टाकून राहिली, थांब."

"अन् एसी?"

"त्याच्यावर चादर टाकली आहे. धूळ बसते न बाप्पा. अन् बिल किती येते माहीत आहे का तुले?"

मग बाबांनी फोन घेतला आणि कूलरची ताटी बदलायला झाली, ती ह्यावेळी वाळ्याची आणायची का साध्या भुशाची, ह्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो.