नानांच्या लॅपटॉपचं घड्याळ

आज अख्खा दिवस अमळनेरला घरी नानांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये गेला. मेन बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे लाइट गेली की तारीख थेट १ जानेवारी २०१०! मग बँकेची साइट उघडत नाही, कारण सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत लॅपटॉपच्या तारखेवरूनच तपासली जाते. कापसाच्या हिशेबाच्या फाइलींवरही २०१० पडलेलं. ते बघून जीव कळवळला.

आधी सेटिंगमध्ये तासभर घालवला, टाइम झोनसुद्धा तपासला. शेवटी मागचं झाकण उघडलं. मदरबोर्डला दोन बारीक तारांनी जोडलेला, काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला सीआर२०३२ सेल. रुपयाच्या नाण्याएवढा, पण लॅपटॉप बंद असताना घड्याळ तोच चालवतो. मल्टिमीटर लावला तर ३ व्होल्टच्या जागी १.८!

जळगावहून तारेसकट नवा आणला. सुट्या सेलला घरी डाग देऊन तारा जोडू नका बरं, सेल तापून फुटू शकतो.

"काम व्हयनं का रे भाऊ?" नाना तीनदा विचारून गेले. आता प्लग काढून ठेवलाय. सकाळी ते उठायच्या आत चालू करून बघणार.