वीरगळ काकांच्या फोनवर उघडेपर्यंत

आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे, भिंतीला टेकवून ठेवलेला एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड आहे. खाली गुरं आणि लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. पावसाने झिजत चाललाय, म्हणून सगळ्या बाजूंनी फोटो काढून, सॉफ्टवेअरने ते जोडून, त्याची थ्रीडी फाइल करून ठेवायचं मनात घेतलं.

पहिले फोटो रविवारी काढले, ती चूक झाली. शनिवारचं तेल दगडावर तसंच चमकत होतं. आपण हललो की चमकही हलते, सॉफ्टवेअरला ती दगडाचाच भाग वाटते आणि मेशवर, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने बनलेल्या थ्रीडी आकारावर, फोड उठल्यासारखं दिसतं. पुढच्या शुक्रवारी, ढगाळ सकाळी, पुन्हा १८० फोटो काढले. फोटोंवरून मेश बनवणाऱ्या मेशरूम या सॉफ्टवेअरने रात्रभर दळण दळून सुमारे २० लाख त्रिकोणांची मेश दिली.

फोटोंवरून आकार मिळतो, माप मिळत नाही. दगडाशेजारी एक पट्टी उभी केली होती म्हणून वाचलो. मेशलॅब या मेश हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीची लांबी मोजली आणि त्या हिशोबाने सगळं मोठं केलं. दगड १.१ मीटर उंच, म्हणून आकडा १.१ ठेवला आणि थ्रीडी प्रिंटरवर छोटी प्रतिकृती छापायला, नुसता आकार साठवणारी एसटीएल फाइल दुकानात पाठवली. दुकानदाराचा फोन आला, "साहेब, यात काहीच नाही." होतं, पण मोहरीएवढं. एसटीएलमध्ये एकक नसतंच, नुसते आकडे असतात. त्याच्या सॉफ्टवेअरने १.१ म्हणजे मिलिमीटर धरले. शिवाय त्यात रंगही जात नाही, आणि दर त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे माझी फाइल १०० एमबीची झाली होती.

काकांना फोनवर रंगीत हवं होतं, म्हणून ओबीजे या दुसऱ्या प्रकारची थ्रीडी फाइल पाठवली. त्यांना करडा गोळा दिसला. ओबीजेच्या जोडीला रंगांची माहिती देणारी एमटीएल फाइल आणि फोटोची प्रतिमा लागते. मी एकटी ओबीजेच धाडली होती. नंतर तिन्ही पाठवल्या तरी करडाच! एमटीएल उघडून पाहिली तर आत प्रतिमेसाठी माझ्या संगणकावरच्या फोल्डरचा अख्खा पत्ता लिहिलेला, तो काकांच्या फोनवर कुठून सापडणार! शेवटी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून जीएलबी प्रकारची फाइल काढली. त्यात आकार, रंग, प्रतिमा सगळं एकाच फाइलमध्ये बसतं. दुसऱ्याला दाखवायचं असेल तर मी आता दुसरं काही पाठवत नाही.

तरी काकांचा फोन गुदमरलाच. त्रिकोण दीड लाखांवर आणले, त्यासाठी मेशलॅबमध्ये टेक्श्चर (मेशवर चढवलेली रंगीत प्रतिमा) सांभाळून त्रिकोण कमी करणारं वेगळं फिल्टर आहे, तेच वापरायचं. पण खरा भार प्रतिमेचा होता. ८१९२ बाय ८१९२ ची जेपेग डिस्कवर लहान दिसते, पण उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर २५० एमबीच्या वर जाते. २०४८ वर आणली, की १६ एमबीत काम भागलं. फोनवर डोळ्यांना फरकही कळला नाही. पाठवण्याआधी ब्लेंडरमध्ये फेस ओरिएंटेशन, म्हणजे त्रिकोणांची कोणती बाजू बाहेर आहे ते रंगाने दाखवणारी सोय, लावून पाहिलं. लाल दिसणारे भाग उलटे असतात. सगळं निवडून शिफ्ट-एन दाबलं, निळं झालं.

मला स्वतःला मात्र सगळ्यात जास्त दिसलं ते रंग काढून टाकल्यावर. मूळ २० लाखांची मेश मेशलॅबमध्ये उघडली, टेक्श्चर बंद केलं आणि कंट्रोल-शिफ्ट दाबून माउसने प्रकाश अगदी तिरपा फिरवला. शेंदूर आणि शेवाळाचे डाग गेले, नुसता उठाव राहिला. गुरांच्या मागे एक कुत्रं आहे! लहानपणापासून त्या दगडावर चढून खेळलोय, कधी दिसलं नव्हतं. दीड लाखाच्या प्रतीत त्याचा नुसता उंचवटा झालाय. म्हणून मूळ मेश आणि सगळे फोटो वेगळ्या डिस्कवर ठेवलेत, त्यांना हात लावत नाही.

जीएलबी व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून गेली. काकांनी बोटाने दगड गरकन फिरवला.

"अरे, मागून पोकळ आहे की हा!"

मागे भिंत, तिथले फोटोच नाहीत. छापायच्या प्रतीत ते भोक बुजवावं लागलं, नाहीतर प्रिंट होत नाही. पण बुजवलेला भाग सॉफ्टवेअरने मनाने घातलेला दगड आहे. काकांच्या प्रतीत तो मी घातला नाही.

"मग दगड जरा पुढे ओढू या का? चार पोरं बोलावतो," काका म्हणाले. त्यांना थांबवायला अर्धा तास लागला.