आमची वाटचाल: दुरुस्त करता येईल असा चांदीचा दागिना

कोल्हापुरातल्या आमच्या राहत्या घरी, मागच्या खोलीत, आम्ही पतिपत्नी चांदीचे दागिने घडवतो. ठुशी, बुगडी, कुड्या, चापाची नथ, जोडवी, मासोळ्या आणि रोज ऑफिसला जाताना घालता येतील अशी हलकी कानातली, एवढाच आमच्या कामाचा आवाका आहे. दागिन्याचे चित्र कागदावर उतरवण्यापासून शेवटच्या उजाळ्यापर्यंतची बहुतेक कामे आम्ही स्वतः करतो.

माझे सासर हुपरीचे. चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात हा धंदा घराघरांत वाटलेला आहे. एका घरी तार ओढली जाते, दुसऱ्या घरी घुंगरू तयार होतात, तिसरीकडे झाळकाम, म्हणजे झाळ नावाचा मिश्रधातू वितळवून तुकडे सांधण्याचे काम, होते आणि माल पॉलिशसाठी आणखी कुठे तरी जातो. सासऱ्यांचे सारे आयुष्य झाळकामात गेले आणि आमचे पहिले शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले. या पद्धतीत मजुरी किलोच्या हिशेबाने ठरते आणि नमुना व्यापारी देतो, त्यामुळे कारागिराच्या हातात कौशल्य असूनही दागिना कसा असावा हे ठरवण्याची संधी त्याला क्वचितच मिळते. ती संधी आपण घ्यावी, या विचाराने आम्ही स्वतःचे नमुने करू लागलो. आमचा दागिना रोज वापरता यावा, आणि तुटला तर तो मोडीत न जाता दुरुस्त होऊन पुन्हा अंगावर चढावा, ही एकच अट आम्ही घालून घेतली. पुढचे बहुतेक निर्णय या अटीतूनच झाले.

पहिला निर्णय धातूचा होता. शुद्ध चांदी फार मऊ असते. तिच्या तारेची नथ केली तर दोनचार वेळा काढल्याघातल्यावर आकार सोडते. म्हणून आम्ही ९२.५ टंचाची चांदी वापरतो, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साडेसात ग्रॅम तांबे. गुजरी या इथल्या सराफ बाजारातून शुद्ध चांदी आणायची, ती मुशीत तांब्यासह वितळवायची, पट्टी ओतायची आणि मग जंत्रीच्या, म्हणजे भोके असलेल्या पट्टीच्या, एकेका लहान होत जाणाऱ्या छिद्रातून तार ओढत न्यायची. ओढताना तार कडक होत जाते, म्हणून मधूनमधून तिला ताव द्यावा, म्हणजे तापवून मऊ करावे लागते. अंधाऱ्या कोपऱ्यात धरलेली तार मंद लालसर दिसू लागली की ज्योत बाजूला घ्यायची. त्याहून पुढे गेले तर बारीक तार क्षणात वितळून तिचा गोळा होतो.

दुसरा निर्णय झाळेचा. पूर्वीच्या झाळेत कॅडमियम सर्रास असे. दागिन्यांच्या बाजारात ‘केडीएम’ हा शब्द रुळला तो त्यावरूनच. कॅडमियममुळे झाळ कमी उष्णतेला पसरते आणि काम सोपे होते, पण त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो. ज्या घरात मुले अभ्यासाला बसतात तिथे हा धूर नको, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले. आमची झाळ चांदी, तांबे आणि जस्त यांची असते. तिला उष्णता जास्त लागते आणि झाळ वितळणे व दागिनाच वितळणे यांतले अंतर कमी उरते, त्यामुळे हात सावध ठेवावा लागतो. त्यातही आम्ही कमीजास्त उष्णतेला वितळणाऱ्या झाळी ठेवतो. आतले जोड आधी कडक, म्हणजे जास्त उष्णतेला वितळणाऱ्या, झाळेने आणि कडी किंवा फिरकीसारखे झिजणारे भाग शेवटी मऊ झाळेने लावले, की पुढे कधी कडी बदलताना आतले जोड सुटत नाहीत.

ठुशीच्या मण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्या कामाचा खरा कस तिथे लागतो. पातळ पत्र्याच्या गोल चकत्या खळग्यांच्या ठोकळ्यात ठोकून अर्ध्या वाट्या करायच्या, त्यांच्या कडा कानशीने सपाट करायच्या आणि दोन वाट्या टाकणखार लावून झाळायच्या. मण्याला छिद्र या झाळकामाच्या आधीच पाडलेले असले पाहिजे, कारण बंद मण्यातली हवा तापून फुगते आणि मणी फुटतो. झाळल्यानंतर काळा पडलेला मणी सौम्य आम्लात टाकून साफ करतात. तेच आम्ल छिद्रातून आत शिरते आणि तसेच राहिले तर काही दिवसांनी झिरपून दोऱ्याला खाते. म्हणून आम्ही सगळे मणी खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळतो, पुन्हा साध्या पाण्यातून काढतो आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच गाठवायला देतो. गाठवण्याचे काम मात्र आमचे नाही, ते पटवेकऱ्यांचे. गळ्याला बसणारी ठुशी आणि टोचणारी ठुशी यांतला फरक बरेचदा त्यांच्या हातावर अवलंबून असतो.

मोती आणि पोवळी उष्णता सोसत नाहीत. त्यामुळे आमच्या नथीत सगळे झाळकाम आधी होते आणि मोती अगदी शेवटी तारेने बांधले जातात. दुरुस्तीच्या वेळी ती तार सोडवून मोती बाजूला काढता येतात.

ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न चांदी काळी पडण्याचा असतो. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर काळा थर येतो, त्यात भेसळीचा संबंध नसतो. ऱ्होडियमचा मुलामा दिला तर चकाकी टिकते, पण तो कालांतराने झिजतो आणि दुरुस्तीनंतर पुन्हा द्यावा लागतो, म्हणून आम्ही तो देत नाही. दागिना हवाबंद पिशवीत ठेवावा आणि त्याला रबरबँड गुंडाळू नये, कारण रबरात गंधक असते. साधा दागिना अॅल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून त्यावर गरम पाणी आणि खायचा सोडा घातला तर काळेपणा निघून जातो. मोत्याचे आणि मुद्दाम काळसर ठेवलेले नक्षीचे दागिने मात्र यात कधीही घालू नयेत.

विक्रीची सुरुवात प्रदर्शनांपासून झाली. २०२० च्या टाळेबंदीत ती बंद पडली आणि फोनवरून, छायाचित्रे पाठवून मागण्या घेणे सुरू झाले. आता पुण्यामुंबईबरोबरच अमेरिकेतल्या मराठी घरांतूनही गणपतीच्या आधी विचारणा होते.

भावाचा विषय टाळून चालणार नाही. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली आणि चढतच राहिली. छोट्या उद्योगाला एवढा माल आधी घेऊन ठेवणे परवडत नाही, म्हणून आम्ही मागणी नक्की झाली की त्या दिवसाच्या भावाने चांदी घेतो. बिलावर वजन, भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहितो, कारण एका बुगडीत चांदी थोडी आणि हातकाम पुष्कळ असते, हे ग्राहकाला आकड्यांतच दिसले पाहिजे. कानशीचा चुरा चामड्याच्या झोळीत गोळा होतो. त्यातले आरीचे लोखंडी तुकडे चुंबकाने काढून तो पुन्हा मुशीत जातो. खोलीतला केरही आम्ही टाकत नाही, तो केरातून चांदीचे कण वेगळे काढणारा झारेकरी घेऊन जातो.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांच्या हॉलमार्कसोबत सहा अक्षरी ओळख क्रमांकही मिळू लागला आहे. हा हॉलमार्क अजून ऐच्छिक असला तरी आमच्यासारख्या घरगुती कारागिरांसाठी तो मोलाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दूरच्या ग्राहकाला आमच्या शब्दापलीकडचा पुरावा मिळतो. तूर्त पेठेतल्या एका ग्राहकाच्या आजीच्या बुगड्यांवरून नवा जोड घडवण्याचे काम चालू आहे. जुन्या जोडाची मळसूत्रे झिजली आहेत. तीही बदलून दोन्ही जोड एकत्रच परत द्यायचे आहेत.