एक्सरे साफ आला आणि मावशी म्हणाल्या, गोळ्या बंद करू?

वसईत छातीच्या आजारांची ओपीडी करतो. स्वतः ख्रिस्ती आहे, रविवारची मिस्सा चुकवत नाही आणि चमत्कारांवर माझा विश्वास आहे, हे आधीच सांगून टाकतो.

परवा एक मावशी लेकीला घेऊन आल्या. टीबीमुळे मुलीच्या उजव्या फुप्फुसाभोवती पाणी झालेलं, औषधांचा तिसरा महिना चालू. नवा एक्सरे जुन्याच्या शेजारी व्ह्यू बॉक्सवर लावला. जुन्यात उजवीकडे खाली सगळं पांढरंफटक, नव्यात बरगडीजवळचा तो कोपरा सुरीच्या टोकासारखा स्पष्ट दिसत होता. मावशींनी लगेच क्रूसाची खूण केली. "लूर्द मातेचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केला डॉक्टर, चमत्कार झाला, तसं लिहून द्या. आणि आता गोळ्या बंद करू ना? देवाने बरं केल्यावर परत गोळ्या खायच्या म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असंच झालं."

मला धस्स झालं. कोर्स सहा महिन्यांचा, पाणी आटलं तरी जंतू आत असू शकतात, आणि अर्ध्यावर सोडलं तर टीबी उलटतो, मग कधीकधी त्याच गोळ्यांना दाद देत नाही.

विज्ञानाचं लेक्चर दिलं असतं तर मावशी उठून गेल्या असत्या, म्हणून मी चर्चचाच नियम सांगितला. फ्रान्समधल्या लूर्द या मरियामातेच्या तीर्थस्थानी 1883 पासून डॉक्टरांचं ऑफिस आहे, तिथे कुठल्याही धर्माचा डॉक्टर केस तपासायला बसू शकतो. बरं झाल्याचे 7 हजारांच्या वर दावे आले आणि 2018 पर्यंत चर्चने चमत्कार मानले फक्त 70! आजार गंभीर पाहिजे, बरं होणं अचानक, पूर्ण आणि कायमचं पाहिजे, आणि औषधाने बरं झालेलं चालत नाही. हे निकष 18व्या शतकातल्या लाम्बेर्तिनींचे, तेच पुढे पोप बेनेडिक्ट 14वे झाले. कुणाला संत ठरवताना चमत्कार तपासतात, त्या केसमध्ये 2016 पासून सात डॉक्टरांच्या मंडळात निदान पाच जणांचं मत पडावं लागतं. मदर तेरेसांच्या नावावरच्या पहिल्या चमत्कारावर पण वाद झालाच, ज्या बाई बऱ्या झाल्या त्या टीबीच्या औषधांनी बऱ्या झाल्या असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, चर्चने तरी तो मान्य केला. मला त्या डॉक्टरांचं म्हणणं आजही वजनदार वाटतं आणि त्याने माझी श्रद्धा काही कमी होत नाही.

नोव्हेना म्हटलं की हसणारे डॉक्टर मित्र मला आहेत, मला ते आवडत नाही. याच मावशी रोज रोझरीच्या आधी लेकीला समोर बसवून गोळ्या देत होत्या, एक दिवस खाडा नाही. गोळ्यांमुळे लघवी नारिंगी झाली तेव्हा सुद्धा घाबरून थांबवल्या नाहीत, आधी येऊन विचारलं.

तरी मावशींचं मन मानेना. "फादरना विचारा," म्हटलं. स्पीकरवर फादर म्हणाले, "गोळ्या पूर्ण करा हां बाय, मग आभाराची मिस्सा ठेवू." कोर्स कुठल्या महिन्यात संपतो ते मी सांगितलं आणि मावशींनी फोनवरच त्या महिन्यातला शनिवार पक्का करून घेतला.