ओट्यावरचा सब्जा

रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवताना ओट्यालगतच्या खिडकीत सब्जा सांडलेला दिसला. आदल्या रात्री घरी फालुदा झाला होता, तेव्हा मनातल्या मनात लेकाला दोन शब्द सुनावून मी फडकं उचललं. फडकं जवळ गेलं आणि सब्जा उडाला. सगळा नाही. सात-आठ दाणे टुणकन काचेवर जाऊन बसले आणि तिथून चालायला लागले.

फोटो काढला. राहुरीला कीटकशास्त्र शिकलेला माझा एक मावसभाऊ आहे, त्याला पाठवला. फोटोत टाइलवरचा हळदीचा डाग अगदी रेखीव आला होता, कीटक मात्र धुरकट. भावाचं उत्तर आलं, "ताई, टाइल छान आहे."

मग त्यानेच युक्ती सांगितली. बाटलीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेव, गारठली की हलत नाही. शेजारी मापाला काहीतरी ठेव. सासूबाईंनी फ्रिज उघडला आणि विचारलं, "माझ्या विरजणाशेजारी हे काय?" बाटलीला झाकण आहे, एवढंच मी म्हणू शकले. शेवटी सासऱ्यांचं पंचांग वाचायचं भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून, लेकाच्या कंपासमधली पट्टी खाली ठेवून अठ्ठावीस फोटो काढले. त्यातला एक बरा. लांबी दोन मिलिमीटरलाही कमी. पण त्या दोन मिलिमीटरांत कंबर होती! काळ्या अंगावर किंचित झळाळी, आणि मिशा कोपरात दुमडल्यासारख्या वाकलेल्या.

"गांधीलमाशीच्या नात्यातली आहे," भाऊ म्हणाला. मी बाटली जरा लांब सरकवली. "चावत नाही गं. पंख बघ, शिरांचं जाळंच नाही, पुढच्या काठाला एकच रेघ. म्हणजे कॅल्सिड." ग्रीकमध्ये तांब्याला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं, त्यांच्या अंगाला असते त्या धातूसारख्या चमकेमुळे. नाव मिळालं म्हणून मी खूश. तर कळलं की या गोतावळ्यात 20,000 हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. नाव विचारावं आणि 'महाराष्ट्रातली आहे' एवढंच उत्तर मिळावं, तसं झालं. पुढचं कूळ ठरवायला पावलाला चार पेरं आहेत की पाच ते मोजावं लागतं म्हणे. माझ्या फोटोत पाऊलच मुळात अंदाजाने होतं.

मग त्याने फोटो बाजूला ठेवून वेगळंच विचारलं. "त्या आल्या कुठून?"

लोकलमध्ये आपण समोरच्याला "कुठे उतरणार?" विचारतो, सीटशी मतलब. कीटकवाल्यांना मात्र चढलेलं स्टेशन हवं असतं. आपल्याकडे लग्न जमवतानाही तेच, मुलाचं नाव नंतर, आधी "मूळ गाव कोणतं?" परजीवी माशीचं मूळ गाव म्हणजे ती ज्याला खाऊन मोठी झाली तो जीव. तो कळला की हजारोंची यादी एकदम दोन-चारांवर येते.

टॉर्च घेऊन शोधाशोध केली. सिंकखाली, पाइपाच्या मागे, भिंतीला चिकटलेली एक तपकिरी डबी सापडली. राजम्याच्या दाण्याहून लहान, एका कडेला दातेरी शिवण. झुरळाच्या अंड्यांची डबी मी जन्मभर झाडूने लोटत आलेय, भिंगातून पहिल्यांदाच बघत होते. झुरळाची पिल्लं निघाली असती तर ती शिवण उसवली असती. इथे शिवण शाबूत होती आणि बाजूला टाचणीने टोचावं तसं एकच गोल भोक.

"सापडलं!" भाऊ म्हणाला. "बहुतेक ॲप्रोस्टोसेटस हॅगेनोवी." जुन्या पुस्तकांत हिला टेट्रास्टिकस म्हणत, लग्नानंतर आडनाव बदलावं तसं. आपल्या मोरीतल्या मोठ्या तांबूस झुरळाच्या डबीत साधारण 14 ते 16 अंडी असतात. ही माशी डबीला बाहेरून भोसकून आत आपली अंडी घालते, तिच्या अळ्या झुरळाची अंडी फस्त करतात, आतच कोष करतात आणि एकाच भोकातून रांगेने डझनावारी बाहेर पडतात. त्या झुरळाचं इंग्रजी नाव अमेरिकन, मूळ गाव आफ्रिका, आणि हल्ली मुक्काम आमच्या सोसायटीचा ड्रेनेजचा चेंबर.

बाथरूममध्ये कधीकधी दिसणारी, पोट बावट्यासारखं वरखाली हलवणारी काळी माशीही याच धंद्यातली, हे ऐकून मला कसंसंच झालं. तिचं नाव एव्हानिया. एका डबीला एकच अळी, पण सगळी अंडी ती एकटी संपवते. गेली कित्येक वर्षं मी तिला पेपरच्या गुंडाळीने मारत आले.

पुढच्या आठवड्यात पेस्ट कंट्रोलवाला येणार होता. त्याला नको म्हणावं का, असं मी जेवताना सहज बोलून गेले. औषधाने या माश्याही मरतील ना.

"म्हणजे आता झुरळं पाळायची?" सासूबाई म्हणाल्या. हिशेब बिनचूक होता. झुरळं नसतील तर या येणार तरी कशाला? पेस्ट कंट्रोलवाल्याला मी अजून फोन केलेला नाही. आळस की तत्त्व, ते मला विचारू नका.

संध्याकाळी खिडकीत बाटलीचं झाकण उघडलं. उबेने तरतरीत झालेल्या तिघीचौघी काठावर येऊन मिशा झाडायला लागल्या. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, चष्मा सारखा करून बराच वेळ बघत होत्या.

"कुठल्या म्हणाला गं तो या?"

"आपल्याच, आई. सिंकखालच्या."