पार्टी त्यांची, वर्गणी आमची

जानेवारीची सॅलरी स्लिप आली आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. घरभाडं वाढलं होतं, एवढंच कारण. डब्लिनमध्ये भाडं वाढलं की चांगली उधळी माणसंसुद्धा वहीपेन घेऊन हिशेबाला बसतात. आयकराची ओळ कळली. पीआरएसआय म्हणजे आपल्या पीएफ-ईएसआयसीच्या जवळपासचं काहीतरी, तेही कळलं. तिसरी ओळ होती यूएससी. युनिव्हर्सल सोशल चार्ज. नाव इतकं गोंडस की पैसे अनाथाश्रमाला जात असावेत असं वाटलं.

दुपारी कॅन्टीनमध्ये विचारलं. आमच्या ऑफिसात एक साठीचे गृहस्थ आहेत. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारते, पण मनातल्या मनात ते माझे काकाच. म्हणाले, "ते होय? ते २००८ च्या पार्टीचं बिल."

२००८ च्या सप्टेंबरात मी भांडुपला दहावीच्या सहामाहीची उजळणी करत होते. कसली पार्टी?

काकांनी सँडविच बाजूला ठेवलं. त्याआधीची काही वर्षं इथे घरांचं असं वेड होतं, की न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूसही बल्गेरियात घेतलेल्या फ्लॅटच्या गप्पा मारायचा. बँका बिल्डरांना पैसा ओतत होत्या. मग फुगा फुटला. २९ सप्टेंबर २००८ ची रात्र जागून सरकारने ठरवलं, की सहा बँकांच्या देण्यांची हमी आम्ही घेतो. ४४० अब्ज युरोंची हमी, एका रात्रीत! त्यातली अँग्लो आयरिश नावाची बँक तर सगळ्यांत खोल खड्डा निघाली. बँका सावरायला शेवटी सुमारे ६४ अब्ज युरो गेले. देशाची तेव्हाची लोकसंख्या पंचेचाळीस-सेहेचाळीस लाख, म्हणजे मुंबईच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. तान्ह्या पोरासकट माणशी चौदा हजार युरो धरा. २०१० च्या नोव्हेंबरात युरोप आणि आयएमएफकडून ८५ अब्जांचं पॅकेज ठरलं, आणि त्यातले साडेसतरा अब्ज आयर्लंडचे स्वतःचेच होते, पेन्शनसाठी राखून ठेवलेल्या निधीसकट. हात धरून वर काढतो म्हणाले, आणि आधी बुडणाऱ्याचंच पाकीट काढून घेतलं.

अर्थमंत्री ब्रायन लेनिहान तेव्हा टीव्हीवर म्हणाले होते, की आपण सगळ्यांनीच पार्टी केली. ते वाक्य इथे अजून कुणी विसरलेलं नाही. काका म्हणाले, "माझा पगार कापला. आईने म्हातारपणासाठी घेतलेले बँकेचे शेअर मातीमोल झाले. मुलगा इंजिनिअर होऊन पर्थला गेला तो गेलाच. मी कुठल्या पार्टीत होतो, ते मला कुणीतरी सांगा."

यूएससी लागू झाला १ जानेवारी २०११ ला. वर्षाला ४,००४ युरोंहून जास्त मिळवणाऱ्या प्रत्येकाकडून, म्हणजे शनिवार-रविवार दुकानात उभी राहणारी कॉलेजची मुलगीसुद्धा त्यात आली. त्याच वर्षी किमान वेतन तासाला ८.६५ वरून ७.६५ युरोंवर आणलं. नवं सरकार आलं, वेतन काही महिन्यांत पूर्ववत झालं. यूएससी राहिला. दर पुढे उतरले, १३ हजारांच्या आतल्यांना आता माफी आहे, एका पक्षाने २०१६ च्या निवडणुकीत तो काढूनच टाकायचं वचन दिलं होतं. ओळ जागची हलली नाही. काकांच्या मते सुरुवातीला सगळे त्याला 'तात्पुरता' म्हणायचे. हा शब्द उच्चारताना ते हवेत दोन बोटांनी अवतरणचिन्हं काढतात.

मला राग आला, आणि तो मी दोन आठवडे जपला. सहा वर्षांच्या स्लिपा काढल्या, बेरीज मारली. आकडा सांगत नाही, पण तेवढ्यात आई-बाबांची एक केरळची सहल झाली असती. आम्ही न जेवलेल्या पंगतीची खरकटी आम्ही का काढायची? पुन्हा टोचणारी गोष्ट ही, की काकांचा मुलगा देश सोडून गेला म्हणून इथे माणसं कमी पडली, म्हणून मी आले, आणि आता त्याच्या वाटणीचं मी भरते. बसमध्ये कुणी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं तर मनात म्हणायचे, बाबा रे, तुझ्या बँकेचं बिल भरतेय मी, सरक जरा.

हे सगळं रविवारी फोनवर मावशीला ऐकवलं. मावशी लालबागला, त्याच दहा बाय बाराच्या खोलीत. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वर्गणीच की गं. पावती देतात ना?"

देतात म्हटलं. दर महिन्याला छापील.

"मग बरंय. आम्हाला कुठे मिळाली."

मावशीचं सांगायला हवं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, पदरात दोन मुलं. तिचे यजमान गिरणीत साचे चालवायचे. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि दत्ता सामंतांनी संप मागे घेतला असं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. यजमानांना गिरणीने परत घेतलं नाही. ते वॉचमन झाले आणि मावशी पहाटे चारला उठून ऑफिसवाल्यांच्या डब्यांसाठी पोळ्या लाटायला लागली. तीस वर्षं लाटल्या. गिरण्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं ते तिला खिडकीतून दिसतं. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत तिचा नंबर लागलेला नाही, आणि आता मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरं द्यायचं नाव निघालं की म्हणते, "मला रिटर्न तिकीट काढून देणार का रोजचं?"

पोळ्यांचे पैसे तिने एका सहकारी बँकेत ठेवले. जवळची बँक, ओळखीचा कॅशियर, अर्धा टक्का जास्त व्याज. सहा लाखांच्या थोडे वर. एके दिवशी बँकेवर निर्बंध आले, शटरवर कागद लागला. बड्या कर्जदारांनी थकवलेलं होतं, हे नंतर कळलं. ठेवींचा विमा तेव्हा १ लाखाचा, १९९३ पासून तेवढाच. फेब्रुवारी २०२० मध्ये तो ५ लाख झाला. २०२१ मध्ये कायदा बदलून निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायचं ठरलं, तेव्हा कुठे मावशीचे ५ लाख सुटले. वरचे अजून अडकलेलेच आहेत. मधली तीन वर्षं ती गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत राहिली. "दुखतं का" विचारलं की म्हणायची, "पोळ्या काय गुडघ्याने लाटतात?"

आयर्लंडने २० सप्टेंबर २००८ ला ठेवींची हमी २० हजारांवरून एक लाख युरोंवर नेली, आणि दहाच दिवसांत बँकांची सगळी देणीच डोक्यावर घेतली. इथल्या कुठल्याच मावशीची ठेव बुडाली नाही. त्याची किंमत सगळ्यांच्या स्लिपवर एक-एक ओळ करून वाटली गेली. आपल्याकडे ती वाटली जात नाही, एखाद्या घरात येऊन बसते. आणि बाजूच्या घरातले हळहळतात, डबा पाठवतात. तो डबा मी कमी लेखत नाही. संपाच्या वर्षी मावशीकडे गावाहून तांदूळ यायचे, आजोबा पाठवायचे. इथे काकांच्या भावाचं घर कर्जापायी गेलं तेव्हा कुणी कुणाला तांदूळ पाठवले नाहीत, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. हो, मुद्दाम. मला कुठेतरी आपली बाजू वर हवी होती.

ती बाजू बाबांनी खाली आणली. बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते, असल्या वादात त्यांना हुरूप येतो. म्हणाले, "अंधेरीच्या तुझ्या पहिल्या नोकरीत पीटी कापत नव्हते?"

कापायचे. दरमहा २००, फेब्रुवारीत ३००. प्रोफेशन टॅक्स. फेब्रुवारीतच तीनशे का, हे मी त्यांना एकदाच विचारलं होतं आणि वर्षाचे अडीच हजार जुळवायला, एवढ्या उत्तरावर माझं समाधान झालं होतं.

"तो १९७५ चा कायदा. ७२ चा दुष्काळ, पागेसाहेबांची रोजगार हमी, आणि त्याला पैसा हवा म्हणून शहरातल्या नोकरदारांवर कर. दुष्काळात तू कुठे होतीस?"

माझ्या जन्माच्या एकवीस वर्षं आधीचा दुष्काळ. अंधेरीत चार वर्षं भरला आणि कधी एक अक्षर काढलं नाही. मी बाबांना म्हटलं, ते वेगळं, खडी फोडणाऱ्या बायांसाठी होतं, बिल्डरांसाठी नव्हतं. हे खरंच आहे. पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, हेही खरं, आणि बाबांनी ते बोलून दाखवलं नाही यातच त्यांचा विजय होता.

इथल्या लोकांचं मला सगळ्यांत नवल वाटतं ते पाण्याचं. यूएससी भरला, पगार कापून घेतले, घरपट्टीसारखा नवा कर २०१३ मध्ये आला तोही सोसला, रस्त्यावर फार कुणी उतरलं नाही. मग पाण्याला मीटर बसवायला निघाले, आणि २०१४ मध्ये आयरिश माणूस पेटला. मोर्चे निघाले, मीटर बसवायला आलेल्यांच्या गाड्यांपुढे आज्या जाऊन उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये पाणीपट्टी स्थगित झाली आणि पुढच्या वर्षी, ज्यांनी मुकाट्याने भरली होती त्यांना पैसे परत मिळाले. चेक घरी आला! काकांनी अर्थातच भरली नव्हती. "पाण्यासाठी नव्हतं ते," म्हणाले, "कुठेतरी पुरे म्हणायचं होतं." मुंबईचं बहुतेक पाणी आमच्या भांडुप संकुलात शुद्ध होतं आणि आमच्या टेकडीवर पहाटे पाऊण तास नळ यायचा. हंडे-कळशांच्या रांगेत मोठी झालेली मी, पाण्याचं बिल आलं म्हणून पेटलेली माणसं पाहून आधी हसले. मग हसू गेलं. परतावा! मावशीच्या वरच्या लाखाचा असा चेक आला तर ती तो बहुधा फ्रेम करून लावेल.

एक गोष्ट टाळून पुढे जाणार होते. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, दूतावासाने सावध राहायला सांगितलं. महिनाभर मी संध्याकाळचं एकटीने चालणं बंद केलं. घरं नाहीत, भाडी परवडत नाहीत, आणि बँकेच्या संचालकापेक्षा बसमधला परका माणूस हाताला लवकर लागतो. आईने फोनवर काळजी केली आणि वर म्हणाली, "आपण काय कुणाचं घेतलंय?" हे वाक्य भांडुप स्टेशनबाहेरच्या परप्रांतीय भेळवाल्याच्या बायकोनेही कधीतरी आपल्या आईला फोनवर म्हटलं असणार. आमचं वेगळं होतं, आमच्या गिरण्या गेल्या होत्या, असं मी अनेक वर्षं म्हणत आले. अजूनही थोडं म्हणते.

मावशीची गोष्ट काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "मग तुमच्याकडे कुणी रस्त्यावर आलं नाही?" मी तडकून म्हटलं, ठेवीदार भर उन्हात फलक घेऊन उभे होते, मावशीसुद्धा, त्या गुडघ्यावर. इंग्रजीत ते जरा मोठ्यानेच निघालं. आजूबाजूच्या दोन टेबलांनी मान वळवली.

मावशीला मात्र त्यांच्या आईचे शेअर लागून राहिले होते. "विचार त्यांना, काही परत मिळालं का." विचारलं. नाही म्हणाले, आणि आईही गेली. हे ऐकल्यावर मावशीने डब्लिनला येणाऱ्या एका ओळखीच्या मुलाबरोबर अर्धा किलो मसाला पाठवला, लालबागच्या गल्लीत समोर उभं राहून कुटून घेतलेला, वर चिठ्ठी: "साहेबांना द्यावा."

काकांनी तो सोमवारी उकडलेल्या बटाट्यावर घातला, आपण मीठ घालतो तसा सढळ हाताने. डोळे पुसत, नाक ओढत त्यांनी दोन बोटं हवेत वर केली आणि विचारलं, "हे तिखट 'तात्पुरतं' आहे ना?"