शटर

आज पहाटे घाटकोपर स्टेशनकडे चालत निघाले होते. सगळी दुकानं बंद, एकच किराणावाला शटर वर ढकलत होता. तो खडखडाट ऐकला आणि चित्रकार अतुल डोडिया आठवले. जन्म १९५९चा, वाढले याच घाटकोपरात, शिकले जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांच्या काही कलाकृतींत दुकानाच्या शटरवर एक चित्र. ते वर सरकवलं की आत दुसरंच! 'महालक्ष्मी'त बाहेर कॅलेंडरवरची देवी आणि आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी. हुंड्यापायी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ बोलवेना.

रोज किती शटरांसमोरून जाते मी, कधी बघतच नाही. आज थांबले. किराणावाल्याने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला, मग आतला दिवा लावला.